पाहुण्याची नाडी

२ जून

प्रिय व्याहीबुवा,

सप्रेम नमस्कार. विनंती काही नाही, विशेष मात्र बरंच आहे, म्हणून कागद मोठा घेतलाय.

पत्र बघून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. फोनच करणार होतो. पण तुमचे कान दात कोरायच्या मशीननं गेले आणि माझ्या कारखान्यात दिवसभर हातोडी चालते. मागच्या वेळी मी "ठमीचं काही कळलं का" विचारलं, तर तुम्ही मला कवळी कशी धुवायची ते सांगितलंत. शिवाय फोनवर बोललेलं बायकांपर्यंत पोचतं. कागदावरचं दोघांत राहतं.

तर मुद्द्यावर येतो. आमच्या ठमीनं, म्हणजे तुमच्या सूनबाईंनी, आपल्या दोघांच्या मनगटाला विमा कंपनीची घड्याळं बांधली. कंपनीचं म्हणणं काय, तर विमेकऱ्यानं चालावं, घाम गाळावा, म्हणजे तो आजारी पडणार नाही आणि दवाखान्याचं बिल कंपनीच्या गळ्यात येणार नाही. त्या बदल्यात गुण. गुण साठले की कांस्य, मग रौप्य, मग सुवर्ण, आणि सुवर्ण झालं की विमानाचं जाऊन-येऊन तिकीट फुकट. धंदेवाला म्हणून सांगतो, डोकं झकास आहे. मीही जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो, "पोरांना कोचावर उड्या मारू देऊ नका." पण उड्या न मारल्याबद्दल बक्षीस द्यावं, हे काही सुचलं नाही.

आमची ही तिकडे ठमीच्या घरी जाऊन बसलीच आहे. ठमीचे दिवस भरत आलेत. त्यांचं घर तुम्ही फोटोत पाहिलंय, काड्यापेटी नुसती. आतल्या खोलीत ती दोघं, मधल्या खोलीत ही आणि बाहेर कोचावर एका माणसाची जागा. एकाच. त्या दिवशी व्हिडिओवर सगळे मिळून बोलत होतो तेव्हा ठमी म्हणाली, "भांडू नका हं दोघं. जो आधी सुवर्ण होईल त्यानं आधी यायचं." तुम्ही हसलात, मीही हसलो. पण व्याहीबुवा, गिऱ्हाईक "बघू, विचार करतो" म्हणताना कसं हसतं ते मला पाठ आहे. घेणारा वेगळा हसतो. तुम्ही घेणाऱ्यासारखे हसलात.

आणि परवा ठमी मला म्हणते, "बाबा काय चालतात! रौप्य झालेसुद्धा!" मी इकडे फुललो. म्हटलं, पोरीचं लक्ष आहे. मग कळलं, बाबा म्हणजे तुम्ही. लग्नानंतर तिनं तुम्हालाही बाबा म्हणायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांत आधी मान मीच डोलावली होती. पण एक दिवस त्या हाकेला मी ओ देईन आणि हाक तुमची निघेल, एवढा पुढचा विचार काही मी केला नव्हता.

मी अजून कांस्याच्या उंबऱ्यावर आहे. जन्मभर लोकांना बसवून पोट भरलं, आता पोरगी म्हणते चाला.

खरं सांगा, एवढं चालता तरी कुठे? आणि कशाला?

आपला,
कोचवाला

*

९ जून

प्रिय व्याही,

पत्र पावलं. कवळीचा उल्लेख टाळला असता तरी मजकुराचं काही बिघडलं नसतं.

चालतो ते इमारतीच्या गच्चीवर. सकाळ-संध्याकाळ, ठरलेल्या वेळी. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या छताला भोक पाडाल." मी म्हटलं, "बाई, भोकं बुजवण्यातच माझी हयात गेली." तेव्हापासून त्या गच्चीवर फिरकलेल्या नाहीत.

यात रहस्य काही नाही. नियमितपणा आहे. तुमच्या धंद्यात चार माणसं लावली की काम होतं. हे काम ज्याचं त्यानं करायचं असतं. सूनबाई माझं कौतुक करतात यात माझा दोष नाही. वयानं मोठा म्हणून त्यांनी मला आपल्या घड्याळवाल्यांचा गटप्रमुखही केलं आहे, तेही मी मागितलं नव्हतं.

कशाला चालतो, म्हणाल तर प्रकृतीसाठी. दुसरं काय असणार.

एक गोष्ट विचारायची होती. रविवारी सकाळी चिरंजीवांचा फोन लागत नाही. सूनबाई म्हणाल्या, तुमच्याशी बोलत असतो. गेल्या रविवारी तुम्ही काही विनोद सांगितलात म्हणे आणि तो हसून हसून बेजार झाला. कोणता विनोद, तेवढं कळवावं. मला तो वापरायचा आहे असं नाही, सहज विचारलं.

बाकी, मी चाललो की तो त्या घड्याळाच्या खेळात मला अंगठा पाठवतो. शाबास म्हणतात तसा. रोज पाठवतो. तुम्हाला येतो का?

आपला,
डॉक्टर

*

२० जून

प्रिय व्याहीबुवा,

नाही येत. मला अंगठा कशाला पाठवतील जावईबापू, आम्ही तोंडानं बोलतो की! आणि तो विनोद कागदावर उतरायचा नाही. त्यात एक गिऱ्हाईक कोचात फसतं आणि तीन माणसं त्याला ओढतात. ते उठून करून दाखवावं लागतं.

तुमचा सल्ला मनावर घेतला आणि बूट आणले. पण माझी अडचण तुम्हाला कळायची नाही. या भागात मी एवढी वर्षं माल विकलाय. घराबाहेर पडलो की पहिल्याच दारातून हाक, "या शेठ, या! तुमचा कोच बघा, अजून जसाच्या तसा." आता न बसावं तर आपल्याच मालाचा अपमान. बसलो. तिथून उठून पुढे गेलो, तर दुसऱ्या दारात तक्रार, "शेठ, डावीकडची स्प्रिंग बोलते." ती बसल्याशिवाय कळत नाही. बसलो. असा चालायला निघालेला माणूस कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर सात वेळा बसतो. कोपऱ्याच्या पुढे माझं अजून काही पाऊल पडलेलं नाही.

कारखान्यात माझी थट्टा सुरू आहे. आमचे शिवणमास्तर, खोळी शिवतात ते, काल म्हणाले, "मालक, जिवाला एवढा त्रास कशाला? घड्याळ पाहुण्याला बांधा."

पाहुणा तुम्ही पाहिलेला नाही. नव्या कोचाची बैठक तपासायचं यंत्र आहे आमच्याकडे. माणसाच्या बुडाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, लोखंडी दांड्याला लावलेला. चालू केला की कोचावर बसतो, उठतो, बसतो, उठतो, दिवसच्या दिवस. जायचं नाव नाही, म्हणून पोरांनी नाव ठेवलं पाहुणा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तो बंद करतो. ऐन जेवणाच्या वेळी गप्प बसणारा जगातला तेवढाच एक पाहुणा असेल.

सगळे खो-खो हसले. मी मास्तरांना झापलं. म्हटलं, "मी कष्टानं वर आलेला माणूस आहे, लबाडीनं नाही!"

"तेच म्हणतोय मालक," मास्तर सुईत दोरा ओवत म्हणाले, "पाहुणा काय कमी कष्ट करतो?"

ते जाऊ द्या. मला सांगायचंय ते वेगळंच. काल हिचा फोन आला होता. ठमीनं म्हणे तुमचा नव्या बुटांतला फोटो भिंतीवर लावलाय. तेवढं सांगून थांबावं की नाही? नाही! "अहो, व्याही काय सडसडीत दिसतात हो या वयात!" माझी बायको! माझ्याच पैशानं केलेल्या फोनवरून! व्याहीबुवा, लेक गेली तुमच्या घरात, ते रीतीनं झालं. पण घरची माणसं अशी एकेक करून फितूर व्हायला लागली तर मी राहू कोणाच्या जिवावर?

आपला,
कोचवाला

*

२७ जून

प्रिय व्याही,

अभिनंदन. नातू झाला.

तुम्हाला ते माझ्याआधी कळलं, हे मला नंतर कळलं. विहीणबाईंनी तुम्हाला फोनवर बाळाचं रडणं ऐकवलं म्हणे, तेही पुन्हा पुन्हा. मला चिरंजीवांचा दोन ओळींचा निरोप आला. "मुलगा झाला. दोघं ठीक." माझ्या दवाखान्यातली बाई पेशंटच्या नातेवाइकांना याहून मोठा निरोप द्यायची.

तक्रार नाही. ज्याची बायको तिकडे, त्याला बातमी आधी, हे सरळ आहे. माझ्या बाजूनं बातमी देणारं माणूस आता नाही, त्याला कोण काय करणार.

रडणं कसं होतं? बारीक की खणखणीत? जमल्यास लिहा.

सुवर्ण माझ्या हाताशी आलं आहे. तूर्त चालणं थोडं थांबवलं आहे, घरात कामं निघाली आहेत. लवकरच पुन्हा सुरू करीन आणि मग मला पोचायला वेळ लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मात्र गेल्या काही दिवसांत गटाच्या तक्त्यावर तुमचं नाव झपाट्यानं वर सरकताना दिसतं. कांस्य कधी झालात ते कळलंच नाही, आता रौप्यही मागे पडलं. कोपऱ्यापर्यंत न पोचणारा माणूस एकाएकी असा सुटला कसा? काही औषध घेता का? घेत असाल तर नाव कळवा.

आपला,
डॉक्टर

*

११ जुलै

प्रिय व्याहीबुवा,

सुवर्ण!

काल दुपारी घड्याळानं थरथरून सांगितलं. कारखान्यात पेढीवरून मी एवढ्या जोरात ओरडलो की मास्तरांच्या हातातली कात्री पडली.

औषध-बिवषध काही नाही. प्रत्येक धंद्याचं एक मर्म असतं, ते विचारू नये. एवढंच सांगतो, पद्धत अशी धरली की संध्याकाळी पाय अजिबात दुखत नाहीत.

ठमीचा फोन आला. "बाबा, कमालच केलीत!" मी या वेळी शहाणा झालो होतो. आधी विचारून घेतलं, "कुठले बाबा?" तर म्हणाली, "अहो तुम्ही! तुम्हीच!" व्याहीबुवा, मी आजवर एवढा माल विकला, मोठमोठ्या हॉटेलांच्या बैठका केल्या, पण असा आनंद कुठल्या सौद्यात झाला नाही. ही मागून म्हणत होती, "आता येताना दाढी नीट करून या, बाळाला टोचेल." म्हणजे धरूनच चाललेत सगळे की मी निघालो.

रडणं विचारलंत. खणखणीत. आमच्या घराण्याचं.

तुम्ही रौप्यावरच अडकलात, वाईट वाटलं. वयाचा भाग आहे, मनाला लावून घेऊ नका. जावईबापूंनाही मी तेच म्हटलं, "बाबा थकले वाटतं आता." तिकीट हातात पडलं की निघतो. तिकडून बाळाचे फोटो पाठवीन, चांगले उजेडातले.

आपला,
सुवर्णवाला कोचवाला

*

१९ जुलै

प्रिय व्याही,

विमा कंपनीचं पत्र आलं आहे. तुम्हाला नाही, मला, कारण गटप्रमुख मी. मजकूर जसाच्या तसा उतरवतो.

"आपल्या गटातील एक सदस्य कामाच्या वेळेत अखंड चालत असल्याचे दिसते. चाल आश्चर्यकारकरीत्या एकसारखी आहे. केवळ दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते थांबतात. मात्र या संपूर्ण काळात त्यांची नाडी लागलेली नाही. आपण सदस्यास प्रत्यक्ष ओळखता काय? ते हयात असून स्वतः चालतात, याची खात्री देता काय?"

मी दातांचा डॉक्टर असलो तरी नाडी नसलेला माणूस इतक्या नेमानं चालत नाही, एवढं मलाही शिकवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत गप्प राहणारा पाहुणा जगात एकच आहे, हे तर तुमच्याच पत्रात वाचलं होतं.

खाली "हो" किंवा "नाही" लिहून सही करायची होती. पेन घेऊन बसलो. "नाही" लिहिलं की तुमचं सुवर्ण गेलं आणि वाट मला मोकळी. खोटं कशाला सांगू, ती दोन अक्षरं मला फार गोड वाटत होती. "बाबा थकले वाटतं" हे वाक्य समोर होतंच.

मग पुढचं दिसायला लागलं. चिरंजीव तुम्हाला फोन करणार. तुम्ही पाहुण्याची गोष्ट रंगवून सांगणार, उठून करून दाखवणार. तो हसून बेजार होणार. आणि हसणं थांबलं की विचारणार, "पण कंपनीला सांगितलं कुणी?" माझा मुलगा तुमच्या लबाडीवर हसेल आणि माझ्या खरेपणावर रुसेल. हे मला आरशात दिसावं इतकं स्वच्छ दिसलं. तेव्हा मी लिहिलं, "हो. ओळखतो. ते चालतात." सही केली, पाठवून दिलं.

उपकार समजू नका. तुमच्यासाठी केलेलं नाही.

थकलो नव्हतो. उजवा गुडघा सुजला आहे. गच्चीवरचं चालणं जरा जास्तच झालं. चिरंजीवांना कळवू नका. तुम्ही विचारलं होतंत, एवढं कशाला चालता. त्या अंगठ्यासाठी. त्याची आई होती तेव्हा फोन तिच्या हातात असायचा, मी मागून "बरं आहे ना?" एवढं विचारायचो. ती गेली आणि फोन माझ्या हातात आला. "बरं आहे ना?" विचारून झालं की पुढे काय बोलायचं ते मलाही माहीत नाही आणि त्यालाही. चाललो की निदान अंगठा यायचा. पाय थांबले, अंगठाही थांबला.

तुम्ही जा. सुखरूप जा.

आपला,
डॉक्टर

*

२४ जुलै

प्रिय व्याहीबुवा,

पत्र वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

तुम्ही खोटं बोललात? तुम्ही? आमच्या हिची दाढ काढताना ती रडकुंडीला येऊन "दुखेल का हो?" विचारत होती, तेव्हा "हो, बरंच" म्हणणारा माणूस तुम्ही! आणि माझ्यासाठी खोटी सही करता?

मला काय वाटलं ते स्पष्ट लिहितो. आनंद नाही वाटला. पुढे काय होणार ते मलाही दिसतं, दृष्टी काही तुम्हालाच दिलेली नाही. ही गोष्ट कधी ना कधी फुटणार. घरातल्या गोष्टी फुटायलाच असतात. मग ठमी म्हणणार, "बाबांचं मन बघा केवढं मोठं! हातातली बाजी सोडून दिली." आणि त्या वेळी कुठले बाबा, हे मला विचारावंही लागणार नाही. चालण्यात हरलो असतो तर दोन दिवस जेवण गेलं नसतं, तिसऱ्या दिवशी गेलं असतं. पण मोठेपणात तुम्ही माझ्या डोक्यावर बसाल, हे मला जन्मात परवडायचं नाही.

म्हणून त्याच दिवशी मास्तरांना समोर बसवलं आणि कंपनीला माझ्या हातानं पत्र लिहिलं. "नाडी लागली नाही, कारण घड्याळ बैठक तपासायच्या यंत्राला बांधलं होतं. यंत्राची प्रकृती उत्तम आहे. चूक माझी आहे. डॉक्टरसाहेबांनी भिडेपोटी सही केली, त्यांना दोष देऊ नये." मास्तर म्हणाले, "मालक, शेवटची ओळ कशाला? त्यांचंच नाव होईल." मी म्हटलं, "लिहिली आता. खोडाखोड वाईट दिसते."

झालं. तुमचा उपकार तुम्हाला परत. आता तुम्ही चाला आणि व्हा पुढे.

गुडघ्याचं कुणाला बोललो नाही. पण तो डॉक्टरला दाखवा. दातांच्या नव्हे.

आपला,
कोचवाला

*

४ ऑगस्ट

प्रिय व्याही,

तुम्ही काय करून ठेवलंत याची कल्पना आहे का?

कंपनीचा नियम असा आहे की गटप्रमुखानं खोटी खात्री दिली तर सबंध गट बाद. तुमचे गुण गेले, त्यांच्याबरोबर माझे गेले. मी खरोखर पायानं चाललेले. विम्याच्या हप्त्यावरची सूट गेली. घड्याळं परत मागवली आहेत. आणि विमा चिरंजीवांच्या नावावर असल्यामुळे हे सगळं लिहिलेलं पत्र त्यांच्या हातात पडलं.

त्यांचा फोन आला.

"बाबा, तुम्ही? खोटी सही? या वयात?"

"अरे, ऐकून तर घे..."

"नाही, आज तुम्ही ऐका! लहानपणी मी गृहपाठाच्या वहीवर तुमची सही केली होती तर तुम्ही माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हता. आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. त्याला मात्र वार, वही, विषय, सगळं पाठ होतं. ते सगळं त्यानं काढलं. मी खुर्चीतून उठायला गेलो आणि तोंडातून आवाज निघाला. तो तिथल्या तिथे थांबला.

"काय झालं? कण्हलात का?"

"काही नाही. गुडघा."

मग गुडघ्यावरून दुप्पट रागावला. "सांगायला काय होतं तुम्हाला?"

"तू विचारलं नाहीस."

"तुम्ही कधी काही सांगितलंत?"

पण व्याही, फोन कुणी ठेवला नाही. पलीकडे बाळ रडत होतं, मी ऐकत राहिलो. खणखणीत आहे, तुमचं म्हणणं खरं. मग तो पुन्हा रागवायला लागला, या वेळी जरा हळू. चिडला की शब्दाच्या शेवटी अडखळतो, अगदी त्याच्या आईसारखा. इतक्या वर्षांत तो माझ्यावर कधी एवढा वेळ चिडलाच नव्हता, मग मला कळणार कसं?

शेवटी म्हणाला, "मी तिकीट काढतोय तुमचं. इकडे या, गुडघा चांगल्या माणसाला दाखवू, आणि माझ्या डोळ्यांसमोर गप बसा."

बसा म्हणाला. चाला नाही.

तेव्हा मी पुढच्या आठवड्यात निघतो आहे. तुमच्याआधी. याबद्दल क्षमा मागण्याचा माझा विचार नाही.

आपला,
डॉक्टर

*

८ ऑगस्ट

प्रिय व्याहीबुवा,

हा अन्याय आहे.

लबाडी माझी, यंत्र माझं, कबुली माझी. आणि रागावणं मिळालं तुम्हाला! मला जावईबापू काय म्हणाले ठाऊक आहे? "असू द्या हो, होतं असं." आणि हसले. ठमीला म्हटलं, "तू तरी बोल काहीतरी, तुझ्या बापानं तुझं नुकसान केलंय." तर तीही हसली. "बाबा, तुम्ही म्हणजे ना!" बस्स. माझ्या पोरीला माझा राग येत नाही. मी काय परका आहे? माणूस हक्कानं चिडतो तो घरच्यावर. हसून सोडून देतात ते दारावर आलेल्याला.

शेवटी हिला फोनवर घेतलं. तिनं मात्र मला असं काही फैलावर घेतलं की कान लाल झाले. सूट गेली, अब्रू गेली, म्हाताऱ्या माणसाला गोत्यात आणलंत, सगळं काढलं. जरा बरं वाटलं. मग शेवटी म्हणाली, "आणि व्याह्यांचा गुडघा कसा आहे हो?" म्हणजे तिथेही तुम्हीच.

या तर मग. आधी जा. मी कारखान्याचा हातातला माल देऊन, स्वतःच्या खिशातून तिकीट काढून पुढच्या महिन्यात येतो. तोपर्यंत तुम्हाला रान मोकळं. पोराला मांडीवर घ्या, खांद्यावर घ्या, त्याचे यायचे असतील ते दात मोजा. फक्त दोन गोष्टी पाळा. जावईबापू रागावतील तेव्हा त्यांना समजावत बसू नका, मन भरून रागावू द्या. आणि बाळाला "आजोबा" म्हणायला शिकवू नका. मला माहीत आहे, इतक्यात बोलत नाहीत पोरं. पण तुमचा नियमितपणाही मला माहीत आहे. तो शब्द मी येईपर्यंत तसाच शिल्लक ठेवायचा.

आपला,
कोचवाला

*

१८ ऑगस्ट

प्रिय व्याही,

पोचलो. गुडघ्याला पट्टा बांधला आहे. चिरंजीव सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा रागावतात, त्यामुळे प्रकृती सुधारते आहे.

मी आल्या आल्या विहीणबाई म्हणाल्या, "बघा, अगदी ह्यांच्यावर गेलाय." ह्यांच्यावर म्हणजे तुमच्यावर. मी म्हटलं, एवढ्या लहान मुलाचं काही सांगता येत नाही, हाडं बसायची असतात, चेहरा सारखा बदलतो. पण मग राहवलं नाही. सगळे आपापल्या कामात असताना त्याला खिडकीपाशी नेलं आणि नीट तपासलं. कपाळ पाहिलं. जांभई देताना जबडा पाहिला. आमच्याकडचं कुठे काही सापडतं का म्हणून नखंसुद्धा पाहिली. एवढ्यात तो झोपेत हसला, एका बाजूनं, एखादं गिऱ्हाईक पटल्यासारखा.

चिरंजीव मागे येऊन उभे होते. "काय बाबा, कुणावर गेलाय?" मी बाळाचं टोपडं सारखं केलं.

तुमच्यावरच गेलाय. शंकेला जागा नाही. मला अजिबात आवडलेलं नाही.

अक्षर वाकडं आलं आहे, कारण कागद धरायला दुसरा हात मोकळा नाही. त्या हातावर तो झोपला आहे. विहीणबाई त्याला न्यायला दोनदा येऊन गेल्या, मी दिलेला नाही.

आपला,
डॉक्टर